अंजिराला लावलेला कान

माझ्या सासऱ्यांइतकं नीट ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि ते जवळजवळ ठार बहिरे आहेत. पिंपरीच्या एका कंपनीत पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये तीसेक वर्षं ते मेंटेनन्स फिटर होते. त्या धडधडाटात डावा कान पूर्ण गेला आणि उजवा निम्मा उरला. पण बेअरिंग तपासायची जुन्या फिटरांची रीत त्यांच्या अंगात मुरलेली आहे. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालत्या यंत्रावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून डोळे मिटायचे. हवेतून येणारा आवाज मामांपर्यंत (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) पोचत नाही, लोखंडातून आलेला पोचतो. याला काही आधार नाही, असं कानाच्या डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतल्यासारखं केलं, डॉक्टरांच्या टेबलावरच्या पंख्याला स्क्रूड्रायव्हर लावला, "बुश गेलाय, म्हैनाभर चालंल," म्हणाले आणि उठले.

आमचं लग्न ठरायच्या आधी ते मला पाहायला पिंपळे गुरवला आले होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून पोह्यांच्या बशीसमोर बसलो होतो आणि मामा अर्धा तास खाली माझ्या मोटारसायकलपाशी. वर येऊन त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, की इंजिन जरा वाजतं, पण पोरगा गाडीला तेल वेळेवर घालतो, आमची पोरगी द्यायला हरकत न्हाई. मला पगार त्यांनी आजतागायत विचारलेला नाही. लग्नात जेवणाची पहिली पंगत बसलेली असताना ते मांडवामागच्या जनरेटरला कान लावून उभे होते. जनरेटरवाल्याने त्यांना हाकलून दिलं. दुसऱ्या पंगतीला दिवे गेले तेव्हा मामा एकटेच शांतपणे जिलबी खात होते.

चऱ्होलीची त्यांची वडिलोपार्जित जमीन आता सोळा मजली इमारतींखाली आहे. उरलंय ते घर, मागचं अंगण आणि अंगणात अंजिराचं झाड. सासवडकडच्या एका पाहुण्याने दिलेली फांदी त्यांनी रुजवली, ती बुंध्यापासूनच दुभंगून दोन खोडांनी वाढली. निवृत्तीनंतर मामांचा सगळा मेंटेनन्स या झाडावर सुरू झाला. बुंध्याला त्यांनी बेअरिंगच्या ग्रीसचा पट्टा बांधला, कारण मुंग्या वर चढतात आणि पिठ्या ढेकणाला सांभाळतात. तो पांढरा पिठ्या ते साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या दातांच्या ब्रशने घासून काढत. आमच्या घरातले सगळे जुने ब्रश त्या कामासाठी चऱ्होलीला जात. किडींची त्यांनी कंपनीप्रमाणे वर्गवारी केली होती. मुंग्या म्हणजे ठेकेदाराची माणसं, पिठ्या म्हणजे पांढऱ्या कपड्यातले सुपरवायझर, आणि खोडकिडा म्हणजे मॅनेजमेंट. तो कधी दिसत नाही, आत बसतो, आणि कळतं तेव्हा अर्धं खाऊन झालेलं असतं.

फळं धरली की पाखरांपासून वाचवायला ते प्रत्येक अंजिराला कंपनीतला पांढरा सुती हातमोजा घालत. नोकरीत साठवलेले असे मोजे त्यांच्याकडे पोतंभर होते. फाल्गुनात ते झाड शंभर हातांनी निरोप देत असल्यासारखं दिसे. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी गॅलरीतून विचारलं, की आजोबा, हे काही नवसाचं आहे का? मामांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मान डोलावली. त्यानंतर काही दिवस त्या बाई सकाळी गॅलरीतून झाडाला हात जोडताना दिसत. शेंड्याची एक फांदी मात्र मामा बिनमोज्याची ठेवत. ती बुलबुलांची. "त्यांचा बी हिस्सा हाय. जमीन इकताना त्यांची सही कुठं घेतली आपन?"

खोडकिड्याच्या बाबतीत असा काही उदारपणा नव्हता. दर रविवारी मामा दोन्ही खोडांना वीत-वीत अंतरावर स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकत. आत अळी कुरतडत असेल, तर म्हणे गोळी फुटलेल्या बेअरिंगसारखा आवाज येतो. एकदा त्यांनी असं ऐकून खुणेला खडूने फुली मारली. आठवड्याने फुलीच्या खाली वाटाण्याएवढं भोक आणि लालसर भुसा दिसला. मग सायकलचा आरा आत घालून त्यांनी अळी ओढून काढली, रॉकेलचा बोळा कोंबला, वरून चिखल लिंपला आणि जखमेवर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पावसाळा सरता सरता एकाचं ऑपरेशन आणि महिन्याने दुसऱ्याचं, असं ठरलं. तेवढे दोन महिने ते आणि मामी माझ्या थोरल्या मेव्हणीकडे सांगलीला राहणार होते. निघायच्या दिवशी त्यांनी झाड ऐकलं, पास केलं, आणि मागच्या दारावर प्लास्टिकच्या पाकिटात एक चेकशीट टांगली. रोजची एक ओळ, चार रकाने: भुसा, मुंग्या, पिठ्या, तांबेरा. चाकणहून घरी जाताना मी वाटेत चऱ्होलीला थांबायचं, बघायचं आणि काही नसेल तर बरोबरची खूण करायची. मेव्हणी म्हणाली, कुणी माळी बघू या. मामा म्हणाले, "जावईबापू क्वालिटीचं मानूस हायेत."

पंधरा दिवस मी गेलो. पंधराव्या दिवशी बुंध्याशी चिमूटभर भुसा दिसला. मी वाकलोसुद्धा नाही. मुंग्यांनी कुठून तरी आणला असेल, असं मनाशी म्हणालो, कारण त्या दिवशी मला उशीर झाला होता आणि फोन केला असता तर मामांनी मला आरा घेऊन कामाला लावलं असतं. त्यानंतर मी गेलोच नाही. आळंदी फाट्यावर चहा घ्यायचा आणि मेव्हणीला फोन करायचा, की झाड ठणठणीत आहे म्हणावं. मामा परत यायच्या आदल्या दिवशी मी चऱ्होलीला गेलो, एकाच पेनाने, एकाच बैठकीत, दीड महिन्याच्या खुणा भरल्या. ऑडिटच्या आधी चेकशीट कशी भरायची, हे आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कुणाला शिकवावं लागत नाही. झाडाकडे मी नजर टाकली. उजव्या खोडाची पानं मलूल होती. थंडीने असेल, म्हणालो.

मामा आले त्याच आठवड्यात वारा सुटला आणि ते खोड कमरेएवढ्या उंचीवर मोडून पडलं. आत अंगठ्याएवढी अळी आणि पोकळ बोगदा. मामांनी चेकशीट काढली, सगळ्या खुणांवरून बोट फिरवलं आणि ती जागेवर ठेवली. माझ्यावर त्यांनी संशय घेतला असता तर बरं झालं असतं. ते मामींना म्हणाले, "कागदावर रोज तपासनी हाय. म्हंजी मी गेलो तवाच ती आत व्हती, आन् मला ऐकू आली न्हाई. माझा कान गेला."

त्यानंतर त्यांनी ऐकणं सोडलं. माझ्या बायकोने मिक्सर नेऊन समोर ठेवला, तर म्हणाले, मेकॅनिकला दाखव. स्क्रूड्रायव्हर स्वयंपाकघरात गेला. मामी त्याने डब्यांची झाकणं उचकटू लागल्या. उरलेल्या खोडाकडे मामा लांबून, पाहुण्याकडे बघावं तसं बघत. मी एकदा धीर करून त्यांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "व्हय, ऊन वाढलंय." मी डाव्या बाजूला बसलो होतो. तो कान मेलेला आहे हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी त्या बाजूला बसलो होतो.

शेवटी मला जमलं ते कागदावर जमलं. दारावरची चेकशीट काढली आणि कंपनीत चूक दुरुस्त करतात तशी केली: प्रत्येक खोट्या खुणेवर एकच आडवी रेघ आणि शेजारी सही. पंधराव्या ओळीत लिहिलं, "भुसा दिसला. वाकून पाहिले नाही. कळवले नाही." कागद मामांच्या हातात दिला आणि यावेळी उजव्या बाजूला बसलो. नव्या डोळ्यांनी त्यांनी एकेक ओळ वाचली. मामी डाळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"भुसा पंधराव्या दिशी?" मामांनी विचारलं.

"हो."

"आदी एक दिस बी न्हाई?"

"नाही मामा. तोपर्यंत मी रोज बघत होतो."

"नक्की?"

"नक्की."

मामांनी पहिल्या ओळीपासून पंधराव्यापर्यंत बोटाने दिवस मोजले. मी शिव्यांची वाट पाहत होतो. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजी मी ऐकलं तवा ती कुरतडत न्हवती." आणि मामींकडे वळून, "अगं, माझा डायवर आन. झाकनं उलथन्यानं काढ."

रागावले ते नंतर, जेवताना. कंपनीतही असंच भरता का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, कधीकधी. त्यांनी भाकरी मोडली. "मग तुमचा ब्रेक लावलेल्या गाडीत मी बसनार न्हाई." आजही रिक्षात बसण्याआधी ते चालकाला विचारतात, की ब्रेक चाकणचा आहे का.

या गोष्टीला चारेक वर्षं झाली. एका खोडाच्या झाडाला आता तीस-चाळीस मोजे लागतात. रविवारी मी जातो. मामा आधी ऐकतात, मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देतात आणि विचारतात, "काय म्हनतंय?" मला कधीच काही ऐकू येत नाही. "तसंच लिवा," ते म्हणतात, आणि मी तसंच लिहितो.

गेल्या रविवारी ते नेहमीपेक्षा बराच वेळ खोडाला लागून उभे होते. मूठ कानामागून कपाळाकडे, कपाळाकडून पुन्हा कानामागे सरकवत होते. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर मला दिला आणि विचारलं, "काय म्हनतंय?" चार वर्षांत पहिल्यांदा ते माझी परीक्षा घेत नव्हते. खरंच विचारत होते. मी मूठ हाडावर दाबून डोळे मिटले. काही कळलं नाही, तसं सांगितलं. मग गुडघे जमिनीला टेकवून बुंध्याभोवती हात फिरवत फिरलो, ग्रीसच्या पट्ट्याखाली, मातीच्या कडेला, सगळीकडे. उठून कागदावर लिहिलं, "ऐकू आले नाही. भुसा नाही. वाकून पाहिले."

मामांनी ते वाचलं आणि कागद पुन्हा दाराला टांगला.