तळ्याच्या पाण्याची भूक

साखरा गावाच्या अलीकडे एक वाडी लागते. तिथल्या महादेवाच्या तळ्यातले मासे कोणी धरत नाही. ते देवाचे. लग्न लागलं की नवरा-नवरीनं पायरीवर बसून त्यांना मुरमुरे घालायचे, आणि मासे वर आले तर संसार गोड होणार असं समजायचं. अनुसूयाबाई नवरी होऊन या पायरीवर बसल्या तेव्हा मासे असे उसळून आले, की सासूनं तिथल्या तिथं कानशिलांवर बोटं मोडली होती.

घर गुरवाचं. त्यांचे मालक गोपाळराव पूजा करायचे आणि पूजेची भांडी अनुसूयाबाईंकडे. समया, निरांजनं, पळी-पंचपात्र, अभिषेकाची तांब्याची कळशी. चिंच आणि राख लावून घासता घासता बोटांच्या चिरा कायमच्या काळ्या झाल्या. पुढं वाडीत बायांचा बचत गट निघाला, सेनगावला साबणाचं शिक्षण मिळालं, आणि सातवीत शाळा सुटलेल्या अनुसूयाबाई भांड्यांचं लिक्विड करायला शिकल्या. स्लरी नावाचा काकवीसारखा घट्ट माल मिळतो, फेस त्याचाच. तो बराबर मापानं पाण्यात ढवळायचं काम त्यांचं. बाटल्या भरून गावोगाव खपवायचं काम गटातल्या पंचफुलाचं, कारण तिचं तोंड चालायचं. सगळी वाडी तळ्याच्या पायऱ्यांवर त्याच हिरव्या साबणानं भांडी घासू लागली. समई अशी लखलखायची की देवापुढं ठेवताना अनुसूयाबाईंना मनातून जरा ऐट वाटायची. मग त्याची माफीही त्या देवालाच मागायच्या.

वैशाखात तळं तळाला गेलं. एक दिवस पहाटे गोपाळराव घागर घेऊन उतरले ते तसेच परत आले. "ऊठ," एवढंच म्हणाले. पाण्यावर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. जिवंत होते ते काठाशी तोंड वर काढून आ वासत होते, ताप चढलेल्या लेकरासारखे.

दिवस वर येईतो वाडीतली सोजराबाई पायरीवर येऊन बोलून गेली, "गुरवीणबाईच्या फेसानं देवाची मासं गेली. आता समया चमकवा म्हणावं."

पंचफुला भांडायला निघाली होती. अनुसूयाबाईंनी तिचा हात धरला.

"सोडा आक्का! तिच्या घरची भांडी काय गंगाजलानं घासतात? आपल्याच बाटल्या नेती ती बी."

"नेते. पण तिनं म्हटलं ते खोटं कशावरून, सांग की."

अनुसूयाबाईंनी त्या दिवशी लिक्विडचा डबा फळीवर सरकवला आणि चुलीतली राख काढली. भरलेल्या बाटल्या घरात तशाच उभ्या राहिल्या. खरं काय ते कळेपर्यंत ढवळणार नाही, म्हणाल्या. आणि साबणानंच मासे मेले असं निघालं तर पुन्हा कधीच नाही.

कळणार कसं? त्यांच्या दिराची पोरगी जान्हवी हिंगोलीच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. काकूनं फोनवर सगळं सांगितलं तशी ती म्हणाली, "हे बघता येतं काकू. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. तुझा साबण ते खातात का, आणि पटकन खातात का, ते बघायचं. खाताना ते पाण्यातली हवा ओढतात, आपण श्वास घेतो तशी. म्हणून बाटली गच्च भरायची, बूच लावायचं, अंधारात ठेवायची. चार आठवड्यांनी उघडून बघायचं. हवा कमी झाली म्हंजे साबण खाल्ला. हवा तशीच असली म्हंजे त्याला कोणी तोंड लावलं न्हाई, तो तळ्यात तसाच पडून राहणार."

"मंग मी काय करू?"

"लिक्विडची बाटली आण, आणि तळ्याचं थोडं पाणी आण. त्या जिवांसाठी."

अनुसूयाबाईंच्या दृष्टीनं हा निवाडा होता, आणि निवाड्याचं पाणी कसं न्यायचं ते त्यांना कोणी शिकवायला नको होतं. अभिषेकाची तांब्याची कळशी त्यांनी चिंचेनं लख्ख घासली. पाणी पदर दुहेरी करून गाळलं, तुरटी फिरवली, आणि सोमवारच्या पूजेपर्यंत कळशी देवापुढं ठेवली. पूजेला कळशी लागणार म्हणून वरचं नितळ पाणी धुतलेल्या बाटलीत ओतून घेतलं आणि हिंगोलीची गाडी धरली. जान्हवीनं बाटली उजेडात धरली. "तुमच्या तळ्याचं पाणी चांगलं स्वच्छ आहे गं," म्हणाली. काकूंना बरं वाटलं.

चार आठवडे वाडीनं राखेनं भांडी घासली म्हणावं तर तसं नाही. अनुसूयाबाईंनी घासली. बाकीच्यांनी शिल्लक बाटल्या वापरल्या.

बाटल्या उघडायच्या दिवशी त्या स्वतः गेल्या. तीन बाटल्या टेबलावर होत्या. एकीत नुसतं पाणी, एकीत साबण, आणि तिसरीत एक साधा पदार्थ, कुठल्याही पाण्यातले जीव सहज पचवतील असा. तिन्हींत तळ्याच्या पाण्याचे थेंब घातलेले. जान्हवीनं पहिलीत दोन औषधं टाकली आणि आत तपकिरी साका बसला. "हवा असली की असा रंग येतो. जितकी कमी, तितका साका पांढुरका."

मग साबणाची बाटली. साका तसाच तपकिरी.

"म्हंजे न्हाई खाल्ला," अनुसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सावरला, जसं काही उठायचंच होतं. "बंद करते मी. पंचफुलाला काय सांगायचं ते बघते."

"थांब गं काकू." जान्हवीनं तिसरीत औषध टाकलं. तपकिरी. "हे कसं? हे तर साखरेसारखं. पंगतीत जिलेबी वाढली आणि पानाला कोणीच हात लावला न्हाई, याचा अर्थ काय?"

"पंगतीला कोणी आलंच न्हाई," काकू म्हणाल्या.

"व्हय! खाणारंच कोणी नव्हतं. तू पाणी आणलं कशात?"

अनुसूयाबाईंनी सांगितलं. चिंच, पदर, तुरटी, देवापुढं ठेवलेली कळशी, काहीच वगळलं नाही. जान्हवीनं कपाळाला हात लावला. "अगं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण काहून पितो? तांबं त्या जिवांना मारतं म्हणून! जे उरले असतील ते तुरटीनं तळाला बसवले. आणि मी शहाणी, नितळ बघून खूश झाले!"

दोघी एकमेकींकडे बघून हसू लागल्या. अनुसूयाबाईंच्या डोळ्यांत पाणीही आलं, ते हसण्याचं की कशाचं, त्यांनाच कळलं नाही.

"आता पायरीखालचं आण. गढूळ, जसं असेल तसं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये. त्याच दिवशी."

गढूळ पाणी भरताना त्यांचा हात अडखळला. आयुष्यभर जे पदरानं गाळून टाकलं, त्याच्याच हाती आता निवाडा होता. देवानं हे जीव उगाच घातले नसतील, एवढं मनाशी म्हणून त्यांनी कॅन बुडवला. जीपमध्ये झाकणातून वास सुटला. शेजारच्या माणसानं नाक दाबलं.

"मावशी, हाय काय त्याच्यात?"

"तळं हाय बाबा. दवाखान्यात नेते."

पुन्हा चार आठवडे. या खेपेला पंचफुलाही आली आणि जान्हवीच्या मागं उभी राहिली. नुसत्या पाण्याचा साका तपकिरी. साध्या पदार्थाचा ताकासारखा फिका. मग साबणाची बाटली. तिचाही साका फिका, जवळजवळ पांढरा.

"खाल्ला!" जान्हवी ओरडली. मग थेंब मोजून तिनं आकडा काढला. "पास, काकू. पटकन पचणाऱ्यात गेला तुझा साबण."

"आता सोजराबाईच्या दारात डफडं वाजवते मी," पंचफुला म्हणाली.

अनुसूयाबाई बाटलीजवळ वाकल्या होत्या. "जानू, हिच्यात हवा उरली का गं?"

"नावाला. म्हणून तर पास."

"मंग हिच्यात मासा सोडला असता तर?"

जान्हवीचा हसरा चेहरा हळूहळू बदलला. "जगला नसता," ती म्हणाली. "पण काकू, एकट्या साबणानं तळ्यात असं होत न्हाई. खरकटं असतं, निर्माल्य असतं, उन्हाळ्यात पाणीच थोडं. पचवायचं सगळं त्यांनीच."

"त्यात माझं बी होतं की."

"होतं," जान्हवी म्हणाली.

परतीच्या गाडीत पंचफुला फुरंगटून बसली होती. "आक्का, पास झालं एवढंच सांगू वाडीला. खोटं तर न्हाई ना ते?"

"खोटं न्हाई. अर्धं हाय. त्या पहाटे मासे तोंड वर काढून काय मागत होते, ते मला आज कळलं पंचफुला. आता मला न्हाई कळलं असं कसं म्हणू?"

पंचफुला त्यांच्याकडं वळून बसली. मग म्हणाली, "शोषखड्डा घ्यावा लागंल, सांडपाणी जमिनीत जिरवायला. देवळामागं जागा हाय."

तो दोघींनीच खणायला घेतला. दगड-गोटे भरले, भोवती कर्दळी लावल्या. पायऱ्यांवर बायांना अनुसूयाबाईंनी सगळं सांगितलं, साबण पचतो हेही आणि पचताना काय होतं हेही. भांडी इथं नको, पाणी वर नेऊन खड्ड्याशी घासा. निर्माल्यही तळ्यात जाणार नाही, हे गोपाळरावांनी आपणहून कबूल केलं. सोजराबाई म्हणाली, "म्हंजे चूक हिची आन् घागर आमच्या डोक्यावर!" सगळ्या हसल्या. अनुसूयाबाईही हसल्या आणि तिची घागर उचलून वर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सोजराबाई कुरकुरत का होईना, खड्ड्याशीच येऊन बसली.

लिक्विड पुन्हा ढवळलं जाऊ लागलं. समया पुन्हा लखलखल्या.

अनुसूयाबाई आता गोपाळरावांच्या आधी तळ्यावर उतरतात. हातात मूठभर मुरमुरे असतात, पण ते लगेच टाकत नाहीत. पाण्याकडे बघत, शिवनाम घेत बसतात. मासे आपणहून तोंड वर काढून आ वासतात का, ते आधी बघायचं असतं. पाणी हलत नाही. मग त्या मूठ उघडतात. खालून दोन-चार काळसर पाठी वर येतात, मुरमुरे टिपतात, आणि शेपटी मारून पुन्हा खोल जातात.