वरंध घाटातली उडी

पडद्यावर मारामारी सुरू झाली की तो उजव्या हाताची दोन बोटं वर धरायचा आणि कात्रीसारखी उघडमीट करायचा. "कातर!" हिरोनं ठोसा उगारला, कातर. व्हिलनचं तोंड फिरलं, कातर. टेबल मोडलं, कातर, कातर. महाडच्या टॉकीजमध्ये त्याची जागा शेवटच्या बाकावर असायची. भरात येऊन हात जरा उंच गेला की तो प्रोजेक्टरच्या उजेडात यायचा, आणि हिरोच्या छातीवर दोन बोटांची सावली नाचायची. पुढून शिव्या यायच्या. त्या त्याला ऐकू जात नसत.

तुमच्याही गावात असा एखादा असणारच. गणपतीच्या आराशीत चक्र फिरताना दिसलं की लोक हात जोडतात, आणि हा मखराच्या मागे वाकून मोटर कुठे लपवलीय ते बघतो. आमचा नुसता बघून थांबत नसे, गावभर सांगत सुटायचा.

मी तेव्हा पोलादपुरात कचेरीत कारकून होतो आणि माझ्या खोलीसमोर त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी त्याची बरीच वर्षं मुंबईला स्टुडिओत गेली होती. आधी सेटला खिळे मारले, मग मार खाणाऱ्यांत भरती झाला. हिरो एकटा दहा जणांना लोळवतो ना, त्या दहांतला हा सातवा की आठवा. गावानं त्याला चेष्टेनं 'फायटमास्तर' म्हणायला सुरुवात केली. त्यानं ती पदवी समजून ठेवून घेतली.

"मारामारी म्हंजे काय वाटली तुमाला, भाऊसाहेब?" पंक्चर काढता काढता तो मला शिकवायचा. "ठोसा गालापासून हातभर लांबून जातो. कॅमेरेवाला अशा बाजूला उभा ऱ्हातो, की मधली जागा दिसतच नाय. कातरवाला नको तेवढा तुकडा उडवतो. आवाजवाला मागाहून चामड्यावर हाणतो, फाट! आणि वाजंत्री ठोशाच्या आधी गप होते, म्हणून तर आपल्या पोटात गोळा येतो. मारामारी पंधरा जण करतात, आणि त्यातले निम्मे त्या दिशी तिथं नसतातच."

"मग मार कोण खातं, मास्तर?"

"बघणारा खातो. तिकीट काढून."

या सगळ्या शिकवणीमागे त्याचा एक स्वार्थ होता, आणि तो काही लपवायचा नाही. वरंध घाटात एका पिक्चरचं शूटिंग झालं होतं. त्यात हिरोला कड्यावरून पडायचं होतं आणि हिरो काही पडायला तयार नव्हता. म्हणून हिरोचा शर्ट घालून हा पडला. खाली पेंढा भरलेल्या गाद्या अंथरल्या होत्या. हा नेमका दोन गाद्यांच्या मधे गेला. डावा खांदा निखळला तो धड कधी बसलाच नाही. बाहीत हात घालायलासुद्धा बायको लागायची. स्टुडिओनं पुन्हा बोलावलं नाही. तो गावी आला आणि चाकं सरळ करायला लागला.

पण पोलादपुरात त्या उडीवर कोणाचा विश्वास नव्हता. "घाटात कसला पडतोय," शेजारचा किराणा दुकानदार म्हणायचा. "आंब्यावरनं पडला असंल. तो पण दुसऱ्याच्या." मास्तर चिडायचा नाही. पिक्चर कधीतरी महाडला लागणार होता. फक्त आमच्याकडे पिक्चर यायचा तो मुंबईत शिळा झाल्यावर, त्यामुळे थांबणं भाग होतं.

"माझा तुकडा येईल तेव्हा तुमाला वळखता आला पायजे," तो म्हणायचा. "नायतर तुमी म्हणणार, हिरो पडला. मग माझा खांदा फुकट गेला ना, भाऊसाहेब?"

म्हणून त्यानं आधीच प्रेक्षक तयार करायला घेतला.

मधे एका जत्रेत गावच्या पोरांनी नाटक बसवलं, त्याची हाणामारी अर्थातच मास्तरकडे आली. रक्ताला कोकमाचं आगळ. हाड मोडल्याचा आवाज काढायला पडद्यामागे वाळके बांबू घेऊन गावचा न्हावी बसवला. नायकानं दणका घालायचा, त्याच क्षणी न्हाव्यानं बांबू मोडायचा आणि त्याच क्षणी खलनायकानं आडवं व्हायचं. प्रयोगाच्या दिवशी न्हावी फटीतून मारामारी बघण्यात इतका रंगला, की बांबू हातातच राहिला. खलनायक बिनआवाजी पडला. थोड्या वेळानं न्हाव्याला जाग आली आणि त्यानं सगळे बांबू एकदम मोडले. तो कडकडाट ऐकून खलनायक प्रामाणिकपणे उठला आणि पुन्हा पडला. लोकांनी वन्स मोअर दिला. मास्तर मात्र हिरमुसला. "एक जण चुकला की सगळ्यांचं खोटं उघडं पडतं," एवढंच म्हणाला.

टॉकीजमध्ये त्याला यश आलं, जरा जास्तच आलं. दोनेक वर्षांत रविवारच्या तीनच्या खेळाचा प्रेक्षक पुरता शहाणा झाला. काच फुटली की बाकांवरून आरोळी, "साखरेची हाय!" रक्त दिसलं की, "कोकम!" कोणी गच्चीवरून पडलं की, "पेंढ्याचा पुतळा!" वरंधपासून शिवथरपर्यंतचे लोक बाजारहाट उरकून टॉकीजला यायचे आणि हिरोच्या चुका काढून घरी जायचे. शेवटी मॅनेजर माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आला.

"अहो, तुमच्या मित्राला आवरा. लोक चार घटका रडायला येतात, हा कोणाला रडू देत नाही. परवा हिरोची आई मेली, तर मागून आवाज, 'मेली कसली, पोट हलतंय बघा!' सगळं थेटर हसलं. आईच्या मरणाला हसतात म्हणजे काय?"

मी मास्तरला सांगितलं. तो खूष झाला. "बघा, तयारी झाली!"

आणि पिक्चर लागला. मास्तरनं आख्खी आळी एसटीत घातली. त्याची बायको आजवर कधी टॉकीजची पायरी चढली नव्हती. "ह्यांचा पिक्चर मी घरात रोज बघते, खांद्याला तेल लावताना," म्हणायची. त्या दिवशी तीही नवं लुगडं नेसून आली. दुकानदार पुढच्या बाकावर जाऊन बसला, परीक्षकासारखा.

घाट आला. आमचाच घाट, आमचीच वळणं, पण पडद्यावर ती कुठल्या दुसऱ्याच मुलखातली वाटत होती. कड्याच्या टोकावर मारामारी जुंपली. वारा घोंघावत होता. हिरोचा पाय सरकला, दगड निसटले आणि वाजंत्री एकदम गप झाली. मग खालून दिसलं, कड्यावरून सुटलेला एक माणूस, आभाळात हातपाय झाडत येणारा. माझ्या शेजारी मास्तरचा डावा खांदा आपोआप कानापर्यंत चढला. एरवी तो हात तेवढा वर जात नसे.

"पुतळा!" पुढून दुकानदार ओरडला.

"पुतळा हाय रे! पुतळा!" सगळं थेटर ओरडलं. शिट्ट्या आल्या, टाळ्या आल्या. मास्तरच्या विद्यार्थ्यांनी शिकवल्याबरहुकूम पेपर सोडवला होता.

पुढच्याच तुकड्यात खरा पुतळा आला. पेंढा भरलेला, तोच शर्ट घातलेला, खडकांवरून गडगडत दरीत गेला. थेटरात एकदम शांतता पसरली.

"अरेरे," दुकानदार हळहळला. "लागलं रे बिचाऱ्याला!"

मला इतका राग आला, की उठून एकेकाची मानगूट धरावी. आणि तेवढंच रडूही आलं. मास्तरकडे बघायचा धीर मला झाला नाही.

परतीच्या एसटीत दुकानदारानं विचारलंच. "काय मास्तर, तुमचा तुकडा कुठला होता? आमी डोळ्यांत तेल घालून बघत होतो."

मी तोंड उघडलं. मास्तरनं माझा गुडघा घट्ट दाबला.

"काढला वाटतं," तो म्हणाला. "लांबी जास्त झाली की काढतात. कातरवाल्याचा काय दोष नाय."

"मग आमी काय म्हणत होतो?" दुकानदार म्हणाला आणि गाडीभर हशा पिकला. मास्तरही हसला. त्याची बायको खिडकीपाशी बसली होती. तिनं पडद्यावर नवऱ्याला पडताना पाहिलं होतं. तो खांदा तिच्याइतका दुसऱ्या कोणाच्या ओळखीचा नव्हता. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि बाहेर बघत म्हणाली, "हां. काढला."

त्यानंतर तो टॉकीजला गेला नाही. मी विचारलं की म्हणायचा, "गिऱ्हाईक हाय, भाऊसाहेब, तुमी जाऊन या." दुकानात गिऱ्हाईक नसायचं. पुढे काही वर्षांनी एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. आळीतले लोक हळहळले, माणूस गमतीचा होता म्हणाले.

तो गेल्यावर वर्षभरानं महाडला तोच पिक्चर फिरून लागला, आणि मी एकटाच गेलो. प्रेक्षक नवा होता. कोणी साखर म्हटलं नाही, कोणी कोकम म्हटलं नाही. मला मात्र सगळं ठाऊक होतं. कॅमेरा कुठे असेल, वारा कोणी काढला असेल, वाजंत्री कुठे थांबणार आणि कात्री कुठे लागणार, सगळं.

पाय सरकला. वाजंत्री थांबली. कड्यावरून तो सुटला आणि सगळं थेटर एका तोंडानं किंचाळलं. त्यात माझाही आवाज होता. तो खाली पोचायच्या आत मी डोळे मिटून घेतले.