धमकीचे वाक्य

अर्जदार : मी, वय पंचावन्न, शिक्षण आठवी, धंदा अर्जनविशी, मुक्काम आर्वी.
गैरअर्जदार : मीच.
घटनेचा दिवस : गेल्या पावसाळ्यातला एक बाजारवार.
साक्षीदार : सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि मेथी पिकवून विकणारी एक बाई, आणि माझ्या टेबलावरचा पितळी क्रूस.
नावे मुद्दाम दिलेली नाहीत; ज्याची त्याला ठाऊक आहेत.

वीस वर्षे कचेरीच्या फाटकाबाहेर बसून मी लोकांचे तक्रारअर्ज लिहीत आलो. माझी भाषा वाचताना पदवीधर कारकूनही चष्मा पुसून घेतात, हे मी गर्वाने नव्हे, नोंद म्हणून लिहितो. मी ख्रिस्ती आहे. "याचा कागद खरा असतो," असे लोक एकमेकांना सांगत आणि ते ऐकून मी अधिकच ताठ बसत असे.

तरीही प्रत्येक तक्रारीत एक वाक्य माझ्या पदरचे असे : "गैरअर्जदाराने जिवे मारण्याची धमकी दिली." त्यावाचून ठाण्यात अर्ज हलत नाही, अशी आमच्या धंद्याची समजूत. त्या बाईचे म्हणणे एवढेच होते की, शेजाऱ्याच्या बकऱ्या वाफ्यात शिरतात, त्याला कुंपण घालायला सांगावे. मी ते वाक्य घातले, खाली "मजकूर वाचून दाखविला" असेही लिहिले, आणि न वाचताच तिचा अंगठा घेतला.

यंदा ती परत आली. शेजाऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदारी मिळत होती. त्या अर्जामुळे नोकरीला लागणारा चारित्र्याचा दाखला ठाण्यात अडला होता.

"भाऊ, म्या धमकी कवा म्हनली तुमाले?"

"बाई, तसे लिहावे लागते."

"काऊन लागते? माह्या मोटरचा फ्यूज तोच बसवून देते. आता त्याची बायको मले पाहून थुकून राह्यली."

मग तिने क्रूसाकडे बोट केले. त्याच्याखाली त्या दिवशीचे अर्ज दाबलेले होते.

"हा देव हाये, का कागद उडू नाई म्हनून ठेवला?"

लाच खाल्ली नाही, कोणाची खोटी सही केली नाही, एवढ्यालाच मी सचोटी समजत होतो. खोट्या साक्षीविषयीची बायबलातली आज्ञा लहानपणापासून पाठ. पण तक्रार दुसऱ्याची, अंगठा दुसऱ्याचा, मी केवळ लिहिणारा, ही पळवाट मीच काढून ठेवली होती.

तिथेच ठाण्याच्या नावे माझा जबाब लिहायला घेतला. 'मी खोटे लिहिले' या तीन शब्दांना दुपार गेली. जुने गिऱ्हाईक जाब विचारतील, टेबल उठेल, ही भीती होतीच. लिहून झाल्यावर बाईला मोठ्याने वाचून दाखविले.

"बकऱ्या दोन होत्या, भाऊ. कळप कुठून आनला?"

मी कळप खोडला.

जबाब देऊन आठवडा झाला. पोचेचा शिक्का मिळाला, उत्तर नाही. जिनिंगवाले महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत. क्रूस आता घरी भिंतीवर आहे. टेबलावरच्या कागदांवर मी दगड ठेवतो.

सबब विनंती की, माझ्यावर जी कारवाई करायची ती सावकाश व्हावी. परंतु त्या कारवाईपायी शेजाऱ्याचा दाखला अडवून ठेवू नये, आणि महिना संपण्याआधी लेखी उत्तर मिळावे.