डावी बाही

अल्टरेशनवाल्या मावशींची मुलगी नव्या कपड्यांचे व्हिडिओ टाकायची. लहानपणी मावशींच्याच इस्त्रीवर तिचा डावा हात भाजला होता. तो डाग झाकायला मावशी तिच्या प्रत्येक ड्रेसची डावी बाही जोड लावून चार बोटं लांब करायच्या. एका ब्रँडच्या ड्रेसमधला तिचा व्हिडिओ मात्र लोकांनी डोक्यावर घेतला. ‘ही बाही कुठे मिळते?’ एवढंच जो तो विचारत सुटला. ब्रँडनेही तो व्हिडिओ आपल्या पेजवर मिरवला.

पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि मुलगी गेली.

वर्षभराने मावशी त्याच ब्रँडच्या दुकानात अल्टरेशनचे कपडे न्यायला गेल्या. भिंतभर ड्रेस टांगलेले होते आणि एकूण एक डावी बाही लांब होती. शिवणाऱ्याने घोळ घातलाय, असं समजून मावशींनी सवयीने टेप काढली.

“राहू द्या मावशी,” काउंटरवरची मुलगी हसत म्हणाली, “फॅशनच आहे तशी.”

तिच्याही अंगात तोच ड्रेस होता. मावशींनी तिची डावी बाही हळूच वर सरकवली.

हातावर काहीच नव्हतं.