छापून आलेल्या बाळंतिणी

दवाखान्यातले रोगी बरे होऊन घरी जातात, नाहीतर वर जातात. किस्से मात्र कुठेच जात नाहीत! ते कंपाउंडरच्या डोक्यात साचत राहतात. रत्नागिरीला अभ्यंकर डॉक्टरांकडे मी मिक्श्चरं ढवळली आणि त्यांचे इंग्रजी निबंधही टाइप केले. त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच.

डॉक्टरांना एकच ध्यास होता. कोकणातल्या बाळंतिणी आणि त्यांची पोरं का जातात, ते शोधायचं आणि मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आणायचं. छापलं की सरकार जागं होईल, अशी त्यांची भाबडी समजूत!

*

पहिला निबंध तान्ह्या मुलांच्या धनुर्वातावर होता. नाळ कोयत्याने कापायची, वर राख लावायची, की आठवड्याच्या आत पोर ताठ होई. आगबोटीच्या टपालाने निबंध मुंबईला गेला आणि तसाच परत आला. संपादकांचा शेरा होता : भाषा उत्तम, पण केसेस फार कमी.

त्या वेळी ओसरीवर एक बाई मेलेलं मूल मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "गोविंदा, सांग जा तिला. अजून थोडी पोरं जायला हवी होती म्हणावं!"

*

मग केसेस गोळा करायला आम्ही गावोगाव फिरू लागलो. डॉक्टरांनी मला शिकवून ठेवलं होतं, की बाईला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. मुलं झाली किती, आणि आहेत किती.

वेळणेश्वरला देवळाजवळ एक म्हातारी भेटली.

"आजी, मुलं किती झाली?"

"सात."

"आणि आहेत किती?"

तिने जरा विचार केला. "मी हाय ना!"

*

दुसरा निबंध गरोदर बायकांच्या पांडुरोगावर. बायका पांढऱ्याफटक पडत, पाय सुजत, चार पावलं चालल्या की धाप लागे. डॉक्टरांना खाण्याचा संशय होता. एका घरी त्यांनी गरोदर सुनेला विचारलं, "जेवायला काय असतं तुला?"

सासूच बोलली, "सगला खाते ती!"

"तिला बोलू दे."

सून जमिनीकडे बघत म्हणाली, "उरता ता."

पुढे प्रत्येक गावात हेच उत्तर. डॉक्टरही इरेला पेटले. निबंधात आहाराच्या रकान्यात त्यांनी ते शब्द भाषांतर न करता इंग्रजी अक्षरांत लिहायला लावले. मी आपला टाइप करत गेलो, 'उरतं ते', 'उरतं ते'.

संपादकांचं पत्र आलं : निबंध स्वीकारला आहे, मात्र 'उरतं ते' हे कोणतं धान्य, याचा कृपया खुलासा करावा!

*

तो अंक आला तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना पेढे वाटले. शेजारच्या पेन्शनर हेडमास्तरांनी आरामखुर्चीत बसून निबंध अथपासून इतिपर्यंत वाचला आणि चष्मा पुसत म्हणाले, "इंग्रजी झकास हो डॉक्टर! पण एखादी तरी वाचवायची होती."

"तेच तर म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले. उरलेले पेढे तसेच राहिले.

*

थोड्या दिवसांनी नाटे गावचा एक खलाशी आला. त्याची बायको जानकी आमच्या दवाखान्यातच बाळंतपणात गेली होती. ती पुस्तकात आली आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"कुठं हाय ती?"

डॉक्टरांनी पान उघडून ओळ दाखवली. त्याने ओळीवर बोट ठेवलं.

"हय तिचं नाव हाय?"

"नाव नाही छापत रे. 'कोळीण, पहिलटकरीण' एवढंच आहे."

तो बराच वेळ बोट तिथून काढीना. मग म्हणाला, "ह्या पुस्तक जाता कुठवर?"

"मुंबईला. विलायतेला सुद्धा."

"विलायतेला!" तो स्वतःशीच हसल्यासारखा झाला. "जल्मात रत्नांग्रीच्या पुढं नाय गेली वो ती."

डॉक्टरांकडे अंकाची ती एकच प्रत होती. त्यांनी ते पान अलगद फाडून त्याच्या हातात दिलं.

*

शेवटचा निबंध झटक्यांवर. दिवस भरत आले की काही बायकांना सूज येते, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग झटके. त्याच वर्षी डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या सुमतीवहिनी, पहिल्या बाळंतपणात ह्याच झटक्यांनी गेल्या. मूलही गेलं. महिन्याभराने एके सकाळी डॉक्टर मला म्हणाले, "मशीन काढ, गोविंदा."

तो निबंध वाचायला त्यांना मुंबईच्या डॉक्टरांच्या सभेत बोलावलं. बॅग घेऊन मीही बोटीने बरोबर गेलो. भलामोठा हॉल, कोट-टायवाले मोठमोठे डॉक्टर. आमचे डॉक्टर एकेक केस वाचत गेले. ही डोलीतून आणली, हिच्या वाटेत खाडी, हिला भरतीपायी होडी मिळाली नाही. शेवटची केस : वय चोवीस, पहिलटकरीण, राहणार रत्नागिरी शहर. आवाज जरासुद्धा हलला नाही. मी मात्र मान खाली घातली.

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतले एक वयस्क डॉक्टर उठले. सज्जन माणूस, आवाजात कळकळ होती.

"तुमच्या भागातल्या अडचणी ध्यानात आल्या. पण ही शेवटची बाई तर शहरातली. तिच्याही घरच्यांनी डॉक्टरला उशिराच बोलावलं का?"

डॉक्टरांनी हातातले कागद सारखे केले.

"नाही सर. डॉक्टर घरातच होता."