नकाशातली वाटी-खिडकी

नरहर वझलवारांनी आयुष्यात दोन गोष्टी कधी केल्या नव्हत्या. एक, रेघ वाकडी ओढली नव्हती. आणि दोन, 'माझं चुकलं' असं म्हटलं नव्हतं. पहिलीची साक्ष कारखान्याचा डिझाइन विभाग देत असे आणि दुसरीची त्यांची बायको कमलिनी. बत्तीस वर्षं कारखान्याच्या पिपलानी टाउनशिपमधल्या एकाच क्वार्टरमध्ये संसार करून तिचं ठाम मत झालं होतं की देवानं या माणसाला जन्माला घालताना पेन्सिल दिली, पट्टी दिली, पण खोडरबर द्यायचा राहून गेला.

बासष्ट साली नागपूरहून ड्राफ्ट्समन म्हणून आलेला हा सडसडीत माणूस आता हेड ड्राफ्ट्समन होता. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार होतं. घरी जिलबी आली तर ती खाण्याआधी ते तिच्याकडे नीट बघत आणि म्हणत, "हिचं केंद्र सरकलंय." मग चवीनं चार खात. आसपासची पोरं त्यांना नकाशेकाका म्हणत, आणि काकांना ते मनापासून आवडत असे.

म्हणून टाउनशिपबाहेरच्या अयोध्या नगर वस्तीत त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. शेजारचा प्लॉट सक्सेनांचा. सक्सेना म्हणजे इथले भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, कारखान्याच्या दक्षता विभागात कारकून. सक्सेनांच्या घराचा नकाशा कधीच तयार झाला होता. नकाशेकाकांचा कागद मात्र तीन वर्षं कोरा होता. जगाच्या मशिनी काढणाऱ्या माणसाला स्वतःचं घर कुठून सुरू करावं तेच सुचत नव्हतं.

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत टाउनशिपमध्ये बातमी आली. जुन्या ओळी पाडून तिथे चार मजली इमारती होणार. मात्र सगळ्यांत आधी बांधलेली एक ओळ, आठवण म्हणून तशीच राखायची. ती ओळ म्हणजे वझलवारांचीच, बारा क्वार्टरांची. अट एकच होती. मूळ नकाशांना वाळवी लागली होती, तेव्हा ओळ आज कशी आहे त्याचा बिनचूक नकाशा रहिवाशांनी करून द्यायचा. पाहणीत नकाशा जागेशी जुळला तर ओळ राहील, नाही जुळला तर तिच्यावरही बुलडोझर.

काकांना आनंदाचं भरतं आलं. देव प्रसन्न होऊन 'माग' म्हणाला असता तरी त्यांनी दुसरं काही मागितलं नसतं. त्याच संध्याकाळी टेप, पट्टी, टोकदार केलेल्या सहा पेन्सिली आणि कमलिनी एवढं सामान घेऊन ते बाहेर पडले.

टेपचं शून्याचं टोक कमलिनीनं धरायचं आणि काकांनी दुसरं टोक घेऊन चालत जायचं. तीन आठवडे हा प्रकार चालला. "सरळ धर." "सरळच धरलंय." "जरा वर." "आता भिंतीत शिरू का?" असे संवाद ओळीतल्या प्रत्येक न्हाणीघरातून ऐकू येऊ लागले. बाया हसून बेजार झाल्या, पण प्रत्येक घरात चहा मिळाला आणि प्रत्येक घराची गोष्टही.

बारा क्वार्टरं एकाच साच्यातून काढलेली. पुढे व्हरांडा, मध्ये दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि अंगण. पण बत्तीस वर्षांत माणसांनी त्या साच्याला हवं तसं वळवून घेतलं होतं. प्रतिभाताईंनी व्हरांड्याला जाळी लावून आत गाण्याचा क्लास थाटला होता. पलीकडे उदयरावांनी मशिनींच्या खोक्यांच्या फळ्या जोडून स्कूटरसाठी शेड उभारली होती. 'यह भाग ऊपर' असं छापलेली फळी तीत बरोबर उलटी लागली होती, आणि शेड डावीकडे दोन इंच कलली होती. शेवटच्या क्वार्टरपुढे गणपतीचा ओटा होता. त्यावर दहा दिवस मराठी आरत्या होत, आणि त्या सगळ्यांत मोठ्यानं सक्सेना म्हणत, एकही शब्द न कळता.

आणि वझलवारांच्या स्वयंपाकघरात वाटी-खिडकी होती.

अडुसष्ट साली कमलिनीला टायफॉइड झाला तेव्हा सक्सेनांची सुशीला तिच्यासाठी दिवसातून चार वेळा पुढच्या दारानं वळसा घालून पेज आणत असे. पाचव्या दिवशी ती वैतागली. नवरे कामावर होते. तिनं पहार घेतली आणि दोन स्वयंपाकघरांमधल्या भिंतीच्या विटा काढल्या. संध्याकाळी काका घरी आले, भगदाड बघितलं, आणि रागावायच्या ऐवजी म्हणाले, "कडा वाकड्या आहेत." रविवारी त्यांनी ते बारा इंच बाय नऊ इंच असं चौकोनी करून दिलं. तेव्हापासून दुपारी बाराचा कारखान्याचा भोंगा झाला की त्यातून एक वाटी येई आणि एक वाटी जाई. वाटी रिकामी परत करायची नाही, हा कमलिनीचा नियम सुशीलेनंही उचलला होता. घरात काही नसलं तर साखर तरी असे. सव्वीस वर्षांत भोंगा चुकला असेल, वाटी चुकली नव्हती.

काकांनी सगळं काढलं. आहे ते गाळायचं नाही हा त्यांचा धर्म. प्रत्येक गोष्टीशेजारी सुबक अक्षरात तपशील लिहिला, कोणी केलं, कोणत्या साली केलं. मग डिझाइन विभागाच्या शिरस्त्याप्रमाणे चार प्रती काढल्या. एक पाहणी समितीला, एक टाउनशिपच्या इस्टेट ऑफिसला, एक स्वतःला, आणि एक, सर्वांच्या माहितीसाठी, क्लबच्या फलकावर.

शनिवारी संध्याकाळी सक्सेना क्लबातून आले ते पांढरेफटक पडून.

"वझलवारजी, ये आपने क्या कर दिया?"

"का? मोजमाप चुकलंय कुठे?"

"यही तो मुसीबत है, कुछ भी ग़लत नहीं है! भाईसाहब, इनमें से एक भी चीज़ की परमिशन है किसी के पास?"

काका खाली बसले. ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. परवानगीशिवाय क्वार्टरच्या विटेला हात लावायचा नाही, हा नियम टाउनशिपचं शेंबडं पोरही जाणत होतं. आणि काकांनी अख्ख्या ओळीचे गुन्हे नावानिशी, सालानिशी, इंचानिशी काढून स्वतःच्या हातानं इस्टेट ऑफिसात पोचवले होते.

"मैं विजिलेंस में हूँ," सक्सेना कळवळून म्हणाले. "दूसरों की खिड़कियाँ पकड़ता हूँ मैं! अगले महीने प्रमोशन है मेरा."

पाहणी सोमवारी होती. रविवारी ओळीत जी धांदल उडाली तशी लग्नघरातही उडत नाही. जाळी उतरली, शेड मोडून फळ्या पलंगाखाली गेल्या, गणपतीच्या ओट्यावर गादी टाकून त्याची बैठक झाली. सुशीलेनं आपल्या बाजूनं वाटी-खिडकीवर टॉवेल टांगला आणि कमलिनीनं इकडून खळ लावून कॅलेंडर चिकटवलं. हे सगळं झाकलं तर नकाशाच खोटा ठरेल, हा विचार करायला त्या धांदलीत कोणाला सवड नव्हती. कोणी काकांना वाईट शब्द बोललं नाही, आणि त्याचंच काकांना जास्त लागलं. ओळ वाचवायला निघालेला आपण, आपल्याच माणसांना गोत्यात आणलं, असं त्यांना दिवसभर वाटत राहिलं.

सोमवारी अकराला समिती आली. समिती म्हणजे दोन माणसं. एम. पी. नगरात ऑफिस असलेली तरुण आर्किटेक्ट कांचन डबीर, आणि इस्टेट ऑफिसचे मिश्राजी. मिश्राजींची मिशी बघूनच माणसं आपापले गुन्हे कबूल करत.

कांचन खुशीत होती. "काका, असा नकाशा मी जन्मात पाहिला नाही! ती उलट्या फळीची शेड मला आधी दाखवा."

"कैसी शेड?" उदयराव आभाळाकडे बघत म्हणाले.

गाण्याच्या क्लासची जाळी? प्रतिभाताईंना जाळी म्हणजे काय हेच आठवेना. गणपतीचा ओटा? तिथे गादीवर तीन म्हातारे पत्ते खेळत बसले होते आणि काही केल्या उठेनात. एकेक घर मागे पडलं की कांचनचा चेहरा थोडा उतरे आणि मिश्राजींची मिशी थोडी वर जाई. असं करत करत मंडळी वझलवारांच्या स्वयंपाकघरात पोचली तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती. दारात सक्सेना उभे होते, दोन्ही हात जोडून, घामानं निथळत.

कांचननं कॅलेंडरकडे पाहिलं, मग नकाशाकडे. "काका, इथे वाटी-खिडकी दाखवलीय तुम्ही. नकाशात नऊ गोष्टी आहेत आणि जागेवर एकही नाही. मला फार वाईट वाटतं, पण नकाशा जुळला नाही तर ही ओळ यादीतून काढावी लागेल."

"बोलिए वझलवारजी," मिश्राजी म्हणाले, "नक्शा ग़लत है या दीवार?"

काकांनी कॅलेंडरकडे बघितलं. खळीनं त्याचा एक कोपरा फुगला होता. तो फक्त उचलायचा होता. नकाशा खरा ठरला असता, ओळ वाचली असती, बत्तीस वर्षांच्या नावाला डाग लागला नसता. मग त्यांनी सक्सेनांकडे बघितलं. टायफॉइडची पेज आठवली. 

"नकाशा," ते म्हणाले. "नकाशा चुकलाय. माझं चुकलं."

कमलिनीच्या हातातून झारा पडला.

तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. तो अजून पुरता थांबलाही नव्हता, तोच भिंतीतून टरकन आवाज आला, कॅलेंडरवरचा मार्च महिना मधोमध फाटला, आणि त्यातून बांगड्या भरलेला एक हात वाफाळत्या कढीची वाटी घेऊन बाहेर आला.

"कमलिनी," पलीकडून सुशीलेचा आवाज आला, "आज हींग ज़रा ज़्यादा पड़ गई है, देख तो."

सक्सेनांनी डोळे मिटून घेतले. आणि कमलिनीनं, भान असतं तर तिनं हे केलं नसतं, वाटी घेतली, ओट्यावर ठेवली, दुसऱ्या वाटीत दोन पाटवड्या घातल्या आणि त्याच भोकातून पलीकडे दिल्या. मग तिला कळलं आपण काय केलं ते, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

 कांचननं पर्समधून टेप काढला, उरलंसुरलं कॅलेंडर बाजूला केलं आणि मोजलं. "बारा बाय नऊ," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, आणि तो हसू दाबल्यामुळे थरथरत होता. "काका, सूतभरही फरक नाही."

सगळे मिश्राजींकडे बघू लागले. मिश्राजींनी वाटी उचलली, वास घेतला, एक घोट घेतला. मिशी पुसली.

"हींग ठीक है," ते म्हणाले. "सक्सेना, तुम इतनी-सी खिड़की के लिए पसीना बहा रहे हो? हमारे क्वार्टर में तो पूरा दरवाज़ा है."

मग जे हसू फुटलं ते बारा क्वार्टरांच्या पार गेलं. कांचन ओट्याला टेकून हसत होती, सक्सेना हसत होते की रडत होते ते सांगता येत नव्हतं, आणि भिंतीच्या भोकातून सुशीला विचारत होती, "अरे, हुआ क्या?"

"आम्हाला हेच तर राखायचंय," शेवटी डोळे पुसत कांचन म्हणाली. "रिकामी खोकी काय, कुठेही बांधता येतात. माणसं इथे राहिली कशी, ते या नकाशात आहे." तिनं जागीच शेरा लिहिला की ओळ नकाशाप्रमाणे राखावी. मिश्राजींनी त्याखाली सही केली आणि बजावलं की आता नकाशातली वस्तू कोणी काढली, तर मात्र ते नोटीस देतील.

त्या आठवड्यात सगळं पुन्हा जागेवर आलं. काका टेप घेऊन फिरत होतेच. उदयरावांनी हौसेनं शेड या खेपेला सरळ उभी केली, तर काकांनी ती त्यांना पुन्हा मोडायला लावली. "दोन इंच डावीकडे," ते म्हणाले. "आणि ती फळी उलटी."

शुक्रवारी पक्का नकाशा तयार झाला. कोपऱ्यातल्या चौकटीत 'रेखाटन' पुढे काकांनी आपलं नाव लिहिलं. 'तपासणी' पुढची जागा रिकामी होती. तिथे आजवर नेहमी कोणीतरी साहेब सही करत आला होता. काकांनी कागद कमलिनीपुढे सरकवला.

"मी?"

"शून्य कोणी धरलं होतं?"

तिनं पदराला हात पुसून सही केली. मग हळूच म्हणाली, "सोमवारी तुम्ही जे म्हणालात, ते मी ऐकलं हं."

"ते चुकून म्हणालो."

"म्हणजे पुन्हा चुकलंच की." ती हसली. मग तिचं हसू मावळलं. "ओळ राहिली खरी. पण पुढच्या वर्षी आपण इथे नसणार. मग भोंगा झाल्यावर मी काय करू हो?"

 काका उठले आणि अयोध्या नगरच्या प्लॉटचा, तीन वर्षं कोरा पडलेला कागद त्यांनी टेबलावर पसरला. सक्सेनांच्या हद्दीची रेघ शोधून काढली आणि तिच्यावर बारा बाय नऊची एक छोटीशी चौकट आखली. तिच्याभोवती भिंत नव्हती, स्वयंपाकघर नव्हतं, घरच नव्हतं.

"आता टेप धर," ते म्हणाले. "बाकीचं घर इथून मोजत जाऊ."