कॉलरखालच्या तीन फुल्या

धाकटीने सत्तरी ओलांडली होती, तरी ती धाकटीच होती. थोरल्या जावेबरोबर ती लॉन्ड्रीत कामाला लागली, त्या दिवशी मुकादमाने दोघींना थोरली-धाकटी म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. थोरलीला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिची लेक आज रजा काढून काकूला संग्रहालयात घेऊन आली होती. चळवळीतल्या बाईंच्या जन्माला शंभर वर्षं झाली म्हणून तिथे प्रदर्शन मांडलं होतं.

बस असो, दवाखाना असो की शाळा, सगळ्यांना एकाच दाराने आत जाता यावं म्हणून बाई उभी हयात भांडल्या. धाकटीच्या मनात देवाच्या खालोखाल त्यांचीच जागा. फोटो, पत्रं, तुरुंगातला पत्र्याचा पेला बघत बघत ती एका काचेच्या कपाटापाशी आली आणि थांबली. आत बाईंचा करडा कोट होता. कॉलर उलटून ठेवलेली, तिच्याखाली लाल दोऱ्याच्या तीन फुल्या. पुतणीने पाटी वाचून दाखवली. म्हणे ही चळवळीची गुप्त खूण. तीन फुल्या म्हणजे न्याय, समता आणि बंधुभाव.

धाकटीला असं हसू आलं की तोंडाला रुमाल लावावा लागला.

"कसली गुप्त खूण गं! आमच्या लॉन्ड्रीत तीन फुल्या म्हणजे मशीनमध्ये टाकू नका, हाताने धुवा. तुझ्या आईचे टाके आहेत हे."

मग तिने सगळं सांगितलं. बाईंकडे कोट एकच, तो गुपचूप लॉन्ड्रीत थोरलीकडे यायचा. मोर्चात लोक अंडी फेकायचे, शाई ओतायचे, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं राहायचं असायचं. थोरली जेवणाची सुट्टी मोडून, मुकादमाची नजर चुकवून डाग काढायची. बाईंचं काम चोरून करते हे कळलं असतं तर तिला कामावरून हाकललंच असतं.

पुतणीने वाकून ते टाके पुन्हा बघितले. सोड्याने सोललेल्या आईच्या हातांची तिला शाळेत असताना लाज वाटायची. आई मात्र याबद्दल कधी चकार शब्द बोलली नव्हती.

"काकू, हे इथल्या अधिकाऱ्यांना सांग."

धाकटी आढेवेढे घ्यायला लागली. एवढी शिकलेली माणसं, त्यांना शहाणपण शिकवणारी आपण कोण? पण आपण गप्प राहिलो तर थोरलीचं हे काम आपल्याबरोबरच जाणार, हेही तिला कळत होतं. देवाने जीभ काय नुसती चव घ्यायला दिली? मनातल्या मनात हात जोडून ती अधिकाऱ्यांकडे गेली.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण पुराव्याशिवाय पाटी बदलता येत नाही, असं म्हणाले.

"मग डाव्या खिशाचं अस्तर उलटं करा," धाकटी म्हणाली. "शाई निघेना, म्हणून तेवढा तुकडा कापून तिने स्वतःच्या एप्रनचं ठिगळ लावलंय. निळं."

हातमोजे चढवून त्यांनी कपाट उघडलं आणि खिसा हलकेच उलटा केला. निळं ठिगळ होतं. त्यावर लॉन्ड्रीचा अर्धा शिक्काही होता.

"दोन वर्षं हा कोट हाताळतोय," ते हळूच म्हणाले, "आणि खिसा कधी बघितलाच नाही."

वही काढून त्यांनी नाव विचारलं. धाकटी अडखळली, जन्मभर तिने जाऊबाईच म्हटलेलं. पुतणी पुढे झाली. आईचं नाव, मग आडनाव, तिने सावकाश सांगितलं आणि वही आपल्याकडे वळवून अक्षरन् अक्षर तपासलं.

"खाली अजून एक नाव लिहा," काकूकडे बोट दाखवत ती म्हणाली.

"माझं कशाला? मी नुसती दारात उभी राहून मुकादम येतोय का ते बघायचे."

"तेही लिहितो," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी धाकटीसाठी खुर्ची ओढली.